भूत कुणाचं, हे आधी विचारा

जुन्या नाशकातल्या एका बंद पडलेल्या लॉजवरून सध्या जो वाद चालला आहे, तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या प्रश्नावर चालला आहे. लॉजचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहेच, आणि ज्यांना नाही त्यांनी रात्री बारा वाजता मोबाइल घेऊन तिथे जावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. मूळचा वाडा, पुढे यात्रेकरूंसाठी खोल्या पाडून केलेलं लॉज, मग भाऊबंदकी, मग कुलूप. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ‘काहीतरी आहे’ ही कुजबुज जुनीच. आता तिचे व्हिडिओ फिरू लागले, रात्री पोरांची झुंबड उडू लागली आणि गावात दोन तट पडले. एक म्हणतो, हा अंधश्रद्धेचा बाजार आहे, बंद करा. दुसरा म्हणतो, सिंहस्थ तोंडावर आला आहे, जगभर लोक पैसे मोजून झपाटलेली हॉटेलं बघायला जातात, आपणही रात्रीची फेरी काढू, त्या निमित्ताने वाडाही वाचेल. पहिल्याचा सवाल, भूत आहे कुठे? दुसऱ्याचा जबाब, असो की नसो, गिऱ्हाईक आहे ना? भूत म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं जातंय ती कोण होती, हे मात्र दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

भुताच्या गोष्टींवर बंदी घालायला माझा विरोध आहे, आणि तिकीट लावून त्या जशाच्या तशा विकायलाही. अशी प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी मरणाचा दावा करते. इथे एक बाई गेली, इथे एक साहेब मेला, इथे एक पोर विहिरीत पडलं. दावा खरा असेल तर ते माणूस आपल्या गावचं होतं. त्याला नाव होतं, मरणाला कारण होतं, आणि पुष्कळदा त्या कारणाला जबाबदार असलेली माणसंही होती. दावा खोटा असेल तर तो कुणी, कधी आणि कशासाठी उठवला, हाही गावाचा इतिहासच. तेव्हा शोध घेणं भाग आहे. जे शोध न घेता गोष्ट हसण्यावारी नेतात आणि जे शोध न घेता ती विकायला काढतात, ते दोघेही त्या मेलेल्या माणसाकडे सारखीच पाठ फिरवतात.

अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याची अनुसूची वाचली तर अंगावर काटा येतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं कायद्यात एकेक करून लिहावं लागलं, कारण ते घडत होतं. आदिवासी पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून बाईचा जीव घेतल्याच्या बातम्या कायदा आल्यावरही थांबलेल्या नाहीत. ‘गंमत आहे हो, कुणाचं काय बिघडतं’ हे म्हणणं ज्यांच्या घरातली बाई कधी मांत्रिकापुढे बसवली गेली नाही त्यांनाच सुचतं. आवाजांच्या बाबतीतही त्यांचं बरोबर आहे. डिसेंबरात नाशिकची थंडी रात्रीतून उतरली की सागवानी तुळया आणि कडीपाट आखडतात आणि कुणीतरी पाऊल टाकल्यासारखे कडकन वाजतात. माळ्यावरून उदमांजर चालत गेलं तर खाली झोपलेल्याला माणूस चालल्यासारखंच वाटतं. गव्हाणी घुबडाचा चीत्कार ज्याने ऐकला नाही, त्याने तो एकदा ऐकावा. गळा आवळलेल्या माणसाचा आवाज म्हणून कुणी शपथ घेतली तरी मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. पडक्या वाड्यात ही तिन्ही सुखाने नांदतात.

पण घुबड सापडलं की त्यांचा शोध संपतो, आणि माझी तक्रार तिथे सुरू होते. घुबड आवाजाचा उलगडा करतं. वाड्यात इतक्या खोल्या असताना भीती नेमकी त्याच एका खोलीला का चिकटली, याचा उलगडा घुबड करत नाही. त्या गल्लीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. त्यांना विचारलं, “आजी, ती वरची कोपऱ्यातली खोली मुळात कशाची हो?” त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, “बाळंतिणीची. आमच्या सासूबाई सांगायच्या. एकच दार, खिडकी नाही. वारं लागू नये ना. बाजेखाली शेगडी, धुरी, सगळं कोंडून. तीन बायका गेल्या म्हणे त्या खोलीत.” मी नावं विचारली. “नावं कोण घेतं गं बाई! अमक्याची पहिली, अमक्याची दुसरी, असंच म्हणायचे.” मग त्यांनी दोन-चार खडे बाजूला काढले आणि विषय बदलला. आजींची माहिती सासूबाईंकडून आलेली, म्हणजे ऐकीव. ती तपासायलाच हवी. पण कोंडलेली खोली, धूर, सूतिकारोग आणि कोवळ्या वयातलं बाळंतपण हे चित्र त्या काळाच्या वैद्यकाशी आणि चालीरीतींशी जुळतं. व्हिडिओतल्या ‘पांढऱ्या साडीतल्या बाई’शी जुळत नाही. ‘भूत नसतं’ हे वाक्य कितीही खरं असलं, तरी ते ऐकून घेऊन घरी जाणाऱ्याला या खोलीत काय घडत होतं ते कधीच कळणार नाही.

आपल्याकडच्या भुतांची नुसती नावं काढून बघा. हडळ म्हणजे बहुतेक ठिकाणी बाळंतपणात किंवा गरोदरपणी गेलेली बाई. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो पोर. समंध म्हणजे धनात किंवा वासनेत जीव अडकून राहिलेला, बहुधा ब्राह्मण. खवीस बहुधा परजातीचा किंवा परधर्माचा. या याद्या गावोगाव थोड्याफार बदलतात, पण त्यांचा साचा एकच असतो. अवेळी आणि अतृप्त मेलेल्यांची ही जातवार, वयवार, लिंगवार वर्गवारी आहे. जन्ममृत्यूची नोंदवही नव्हती तेव्हा समाजाने कुठली मरणं मनाला लावून घेतली, ते या यादीत उतरलं आहे. आणि यादीत सर्वांत भयंकर कोण? हडळ. उलट्या पायांची, पुरुषांना झपाटणारी, लेकरांना खाणारी. बाळंतपणात गेलेल्या पंधरा वर्षांच्या पोरीला आपण मेल्यावर लेकरं खाणारी ठरवलं. तिला त्या वयात त्या खोलीत कुणी पाठवलं, हा प्रश्न मग कुणाला पडावा?

इथे विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा येतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. लोकपरंपरेचे अभ्यासक म्हणतात, कागदाने ज्यांना वगळलं त्यांना गोष्टीनेच जिवंत ठेवलं. खरं आहे. इंग्रज सरकारने १८८३ मध्ये नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर काढलं. त्यात देवळं आहेत, घाट आहेत, व्यापार आहे, जाती आणि त्यांचे धंदे आहेत. सासरच्या जाचाने आडात उडी घेतलेल्या सुनेला त्यात जागा नाही. तिच्याबद्दल गावात उरलं ते एवढंच, की ‘त्या आडावर तिन्हीसांजेला जाऊ नका.’ फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते काही हौस म्हणून नाही. विधवांना दिवस जात होते, जबाबदार पुरुष नामानिराळे राहत होते, आणि आई आणि मूल दोघांचाही बळी जात होता. त्या काळच्या किती विहिरींवर, किती परसांत ‘रात्री तान्हं रडतं’ अशी गोष्ट आहे, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात विचारून बघा. लोकांना माहीत होतं. बोलायची सोय नव्हती, म्हणून ते भुताच्या तोंडून बोलले. एवढं मी पूर्ण मान्य करते.

मान्य करूनही माझा आक्षेप कायम राहतो. गोष्टीने मरण जपलं, पण मरणाचं कारण गाळलं. आडावरची बाई आठवणीत राहिली, तिच्या सासूचं नाव राहिलं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. उलट धोकादायक ठरली ती. तिला बांधायचं, तिला उतारा द्यायचा, तिच्यापासून पोरांना जपायचं. मारणारे सुटले आणि मेलेलीच आरोपी झाली. गावाला सत्य पेलवत नव्हतं म्हणून त्याने ते गोष्टीत गुंडाळून ठेवलं, हे त्या काळाच्या मानाने समजून घेता येतं. पण आज, जेव्हा बोलायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही, तेव्हा ते गाठोडं न सोडताच दर माणशी पाचशे रुपये घेऊन दाखवायचं? हा परंपरेचा आदर नव्हे. ज्या भीतीने त्या बाईचं तोंड बंद केलं, तिच्यावरच हा धंदा उभा राहतो.

शिवाय जी गोष्ट आज फिरते आहे ती परंपरेची तरी आहे का? व्हिडिओतली बाई पांढऱ्या साडीत, मोकळ्या केसांची. जुन्या नाशकातल्या ब्राह्मण वाड्यातली विधवा अशी नसे. तिचं केशवपन झालेलं असे आणि अंगावर तांबडं आलवण असे. तिला मोकळे केस ठेवायची मुभाच नव्हती. तीर्थाच्या ठिकाणी अशा किती जणींनी आयुष्य काढलं, याच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. पांढरी साडी आणि पैंजण ही सिनेमाची देणगी. तीच गत लॉजमधल्या ‘इंग्रज साहेबा’ची. गोदाकाठच्या गल्लीतल्या वाड्यात साहेब मुक्कामाला कशाला येईल? साहेबलोक राहत ते गावाबाहेरच्या बंगल्यांत आणि देवळालीच्या छावणीत. म्हणजे ही गोष्ट देवळालीहून उचलून आणलेली, किंवा कुठल्याशा परदेशी मालिकेतून. वाड्याच्या खऱ्या मरणांवर एक नकली मरण चढलं आणि आता तेच खरं म्हणून चालतंय.

हे नाशकातच घडतं असं नाही. मुंबईच्या ताज हॉटेलची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. विलायती वास्तुविशारदाने नकाशे काढले, परत येऊन बघतो तर इमारत उलटी बांधलेली, पाठ समुद्राकडे. धक्क्याने त्याने वरच्या मजल्यावरून उडी घेतली आणि तो अजून जुन्या भागात फिरतो. १९०३ मध्ये उघडलेल्या या हॉटेलचं काम मुळात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्याकडे होतं. वैद्य काम चालू असतानाच वारले आणि पुढे ते डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज अभियंत्याने पुरं केलं. इमारत उलटी वगैरे काही झाली नव्हती. प्रवेश शहराच्या बाजूने ठेवला होता, एवढंच. आता बघा, भुताच्या गोष्टीने काय केलं. एका मराठी माणसाने देशातलं सर्वांत देखणं हॉटेल आखलं, ते पुरं झालेलं पाहण्याआधीच तो गेला. या खऱ्या आणि चटका लावणाऱ्या हकिगतीच्या जागी एक काल्पनिक गोरा आणून बसवला, आणि वर सगळा दोष इथल्या अडाणी कामगारांच्या माथी मारला. ताजचं भूत माहीत असलेल्या दहा मराठी माणसांना विचारा, वैद्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

राजस्थानातल्या कोट्याचं ब्रिजराज भवन घ्या. १८५७ च्या ऑक्टोबरात तिथे मेजर चार्ल्स बर्टन आणि त्याचे दोन मुलगे मारले गेले. पुढे ती वास्तू हेरिटेज हॉटेल झाली आणि बर्टनचं भूत रात्री पहाऱ्यावर झोपलेल्या रखवालदारांना थपडा मारून जागं करतं, अशी गोष्ट रूढ झाली. गोरा अंमलदार मेल्यावरही देशी चाकराला कामाला लावतोय, आणि आपण ती कौतुकाने सांगतो! ज्यांनी कोट्यात उठाव केला आणि त्यापायी फासावर गेले, त्या लाला जयदयाल आणि मेहराब खान यांचं भूत कुठल्या खोलीत दिसतं? भूत व्हायलाही वजन लागतं. ज्याच्या मरणाची दखल सत्तेने घेतली तो दिसतो, बाकीचे दिसत नाहीत. झपाटलेल्या हॉटेलांच्या जगभरच्या याद्या दाखवून ‘आपणही करू’ म्हणणाऱ्यांनी एवढा विचार करावा, की आपल्या वाड्यात आपण कुणाला दिसू देणार आहोत.

पुण्याच्या शनिवारवाड्याने तर आपल्यापुढे धडाच घालून ठेवला आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावाचा खून झाला. ‘काका, मला वाचवा’ ही किंकाळी अमावास्येला ऐकू येते, एवढंच आज बहुतेकांना माहीत असतं. थकलेल्या पगारासाठी खवळलेले गारदी, राघोबाची महत्त्वाकांक्षा, रामशास्त्र्यांनी केलेली चौकशी, त्यातून उभं राहिलेलं बारभाईंचं कारस्थान, म्हणजे मराठी राज्याला वळण देणारं सगळं राजकारण त्या एका किंकाळीत बुडालं. आणि या खुनाचा नाशिकशी असलेला धागा किती नाशिककरांना ठाऊक आहे? मारल्या गेलेल्या मुलाची आई गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिली होती. तिचे तिन्ही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले. विश्वासराव पानिपतावर पडला, माधवराव क्षयाने गेला, नारायणराव असा मारला गेला. आणि ज्या बाईवर त्या खुनाचं खापर लोकांनी कायमचं फोडलं, त्या आनंदीबाईने आयुष्याचा अखेरचा काळ इथेच आनंदवल्लीत काढला. मुलाची आई आणि खुनासाठी बदनाम झालेली त्याची चुलती, दोघींच्या अखेरच्या दिवसांची जागा एकाच नदीकाठावर, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. गोपिकाबाई १७८८ मध्ये गेली, आनंदीबाई १७९४ मध्ये. या दोन बायकांची हकिगत सांगायला भुताची गरज आहे का? आनंदवल्लीत नवश्या गणपतीला रोज शेकडो लोक जातात. त्यांना ही गोष्ट तिथे कुणी सांगत नाही.

दुसऱ्या तटाचा बिनतोड वाटणारा युक्तिवाद म्हणजे ‘भुतामुळे वाडा वाचेल.’ कोट्याचं, मसुरीच्या झपाटलेलं म्हणून गाजलेल्या हॉटेलचं उदाहरण त्यासाठी देतात. तिथे एकहाती मालकी होती, पैसा होता, हॉटेल चालू होतं. भूत नंतर आलं, शोभेला. आपल्या गावठाणातले वाडे कशाने पडतात? चाळीस वारसांच्या सह्या होत नाहीत म्हणून. १९४७ च्या भाडेकायद्यापासून गोठलेल्या भाड्यात कौलं शाकारायचे पैसे निघत नाहीत म्हणून. पूररेषेत असल्याने परवानग्या अडतात म्हणून. २००८ च्या पुरानंतर गोदाकाठच्या भिंती किती दिवस ओल्या होत्या, ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. यातली एकही अडचण भूत सोडवत नाही. उलट वाडा झपाटलेला आहे म्हटलं की उरलासुरला भाडेकरू निघून जातो, रखवालदार टिकत नाही, भाव पडतो. असं झालं की कुणाचं फावतं, हे सांगायला नको. अफवा मुद्दाम उठवली जाते असा आरोप मी कुणावर करत नाही. पण वाडा पाडू इच्छिणाऱ्याला ती सोयीची असते, हे वाडा वाचवू पाहणाऱ्यांनी विसरू नये.

आता जरा खऱ्या मरणांकडे या. बंद वाडे, कुलपं घातलेल्या खोल्या, ‘तिथे कुणी राहायला धजत नाही’ ही बोली नाशकात कुठून आली असेल? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढे तो नाशिक जिल्ह्यात पसरला आणि वर्षानुवर्षं परतत राहिला. उंदीर पडू लागले की माणसं घर सोडून गावाबाहेर झोपड्यांत जाऊन राहत. मागे वाड्यांना कुलपं. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं उतरवत. सरकारी माणसं घरात शिरत, रोगी उचलून नेत, सामान जाळत. भगूरला सावरकर बंधूंचे वडील १८९९ मध्ये प्लेगनेच गेले आणि मग ते कुटुंब नाशकात आलं. महिनोन्महिने उघडं पडलेलं छप्पर, आत पडलेली भांडी, आणि परतल्यावर कोण उरलं याची मोजदाद. ही भीती तीन पिढ्यांमागची खरीखुरी भीती आहे. देवळालीचंही तसंच. १८६१ पासूनच्या त्या तळावर मुदत संपलेले गोरे शिपाई बोटीची वाट बघत महिनोन्महिने पडून असत, उन्हात, तापात, दारूत. अनेकांची मनं तिथे ढासळली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून आलेले आजारी, जखमी देवळालीच्या लष्करी इस्पितळांत आणले गेले. त्यातले कितीतरी परत गेले नाहीत. देवळालीच्या जुन्या बंगल्यांत बूट वाजतात म्हणणाऱ्याला मी हसणार नाही. फक्त विचारेन, बूट कुणाचे, आणि तो इथे कशासाठी आला होता?

कागद उरला की नाव कसं परत येतं, हे नाशिकइतकं दुसऱ्या कुठल्या गावाला दाखवता येईल? पांडवलेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असं आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. पण भिंतींवरचे ब्राह्मी लेख वाचले गेले आणि खरी माणसं समोर आली. नातवाच्या कारकिर्दीत दान देताना आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्राचा, पराक्रम सांगणारी गौतमी बलश्री. कोष्ट्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी ठेवून त्याच्या व्याजातून भिक्षूंच्या कपड्यालत्त्याची सोय लावणारा उषवदात. उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा यवन, म्हणजे ग्रीक. पांडवांच्या कथेपेक्षा ही माणसं कितीतरी जास्त नवलाची आहेत. त्यांची नावं दगडावर होती म्हणून ती दोन हजार वर्षं थांबू शकली. लॉजच्या वरच्या खोलीतल्या ‘अमक्याच्या पहिली’चं नाव दगडावर नाही. तिच्यासाठी थांबायला वेळ नाही.

आणि ते अगदीच कुठे नाही असंही नाही. रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात. इथल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याघराण्यांच्या वंशावळी आहेत. कुठल्या गावचं कूळ, कोण कधी आला, कुणाचं श्राद्ध केलं. मेलेल्या माणसाचं नाव विचारून, लिहून ठेवून मग पुढचा विधी, ही नाशिकची रीत. त्या गावात निनावी भुताचं तिकीट फाडायचं? या वह्यांतही बायकांची नावं कमी सापडतात, हे मला माहीत आहे. पण जी सापडतील ती तरी शोधू.

शोधायची पद्धतही परकी नाही. कलेक्टर जॅक्सनचा खून सगळ्यांना माहीत असतो. २१ डिसेंबर १९०९ ची रात्र, विजयानंद थिएटर, किर्लोस्कर मंडळींचा ‘शारदा’चा प्रयोग, आणि अनंत कान्हेरे. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. फारसं माहीत नसतं ते असं, की संस्कृत जाणणारा हा अधिकारी लोकांच्या समजुती, देवदेवस्की, भुतंखेतं यांची माहिती जमवत होता. तिच्या आधारे एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने १९१४-१५ च्या सुमाराला गुजरात आणि कोकण या भागांची टिपणं छापली. माहिती आली होती बहुतेक गावोगावच्या शाळामास्तरांकडून. कुठल्या गावी काय सांगतात, ते त्यात गाववार आहे. राज्यकर्त्याची नजर त्यात आहेच आणि तिच्याविषयी सावधही राहायला हवं. पण समजूत खरी की खोटी यावर न भांडता ती कुठली आणि कुणाची, हे आधी लिहून घ्यायचं, एवढी शिस्त त्यात होती. शंभरावर वर्षांनी आमच्या व्हिडिओंत तीही नाही. आणि जरठ-बाला विवाहावरच्या ‘शारदा’च्या प्रयोगाला एक राजकीय वध होतो, त्या रात्री एकाच छपराखाली नाशिकचे किती प्रश्न बसले होते! फेरी काढणाऱ्यांना रात्रीच काढायची असेल तर ती तिथून सुरू करावी. ऐकणारे श्वास रोखून ऐकतील, भूत नसलं तरी.

‘लोक अशा रुक्ष माहितीला येणार नाहीत’ हा शेवटचा आक्षेप मला पटत नाही. बाळंतिणीच्या खोलीची हकिगत रुक्ष आहे का? गोपिकाबाईची? लोकांना भीती आवडते हे खरं, पण त्यांना माणसंही आवडतात, आणि कुणाचं तरी खरं नाव ऐकलं की पोरं आरडाओरडा थांबवतात, हे मी शाळेच्या सहलींत पाहिलं आहे. तेव्हा फेरीला परवानगी देणाऱ्यांनी एक अट घालावी. जिथे भूत सांगाल तिथे मरण कुणाचं, कधीचं, कशाने आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं, तेही सांगा. सांगता येत नसेल तर ती जागा फेरीतून वगळा. आणि बंदी मागणाऱ्यांनीही नुसतं ‘भूत नसतं’ म्हणून परत फिरू नये. मृत्यूच्या नोंदी, मिळकत पत्रिका, सार्वजनिक वाचनालयातले जुने अंक, उपाध्यायांच्या वह्या उघडायला त्यांनीच पुढे यावं. या कामाची चिकाटी त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणात नाही.

त्या लॉजपुरतं मी काम सुरू केलं आहे. मूळ घराण्याचं आडनाव आणि गाव कळलं आहे, घर कुठल्या पिढीत यात्रेकरूंसाठी उघडलं तेही साधारण जुळतंय. त्या कुळाचे उपाध्याय कोण, आणि त्यांच्या वह्या आज कुणाकडे आहेत, हे शोधायचं आहे. पंचवटीतल्या जाणत्यांपैकी कुणाला माहीत असेल तर कळवावं. आणि ज्यांच्या घरात अजून सासूबाईंच्या तोंडची हकिगत सांगणाऱ्या आजी आहेत, त्यांनी सिंहस्थाच्या गर्दीआधी त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्यावी, सांगणारीच्या नावासकट.